बाळू पालवणकर

बाळू पालवणकर (१९ मार्च १८७६ – ४ जुलै १९५५) हे हिंदुस्थानातील क्रिकेटच्या आरंभीच्या दशकांतील अग्रगण्य डावखुरे फिरकी गोलंदाज होते. मुंबईच्या तिरंगी व चौरंगी सामन्यांत त्यांनी हिंदू संघाचे दीर्घकाळ प्रतिनिधित्व केले. प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत त्यांनी १५.२१ च्या सरासरीने १७९ बळी घेतले.

प्रारंभीचे जीवन

बाळूंचा जन्म धारवाड येथे चर्मकार कुटुंबात झाला. वडील लष्करी नोकरीत होते. अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या साहित्यावर बाळू व त्यांचे धाकटे बंधू शिवराम यांनी खेळाचे पहिले धडे गिरवले. पुण्यात पारशी क्लबवर खेळपट्टी झाडण्या-लोटण्याच्या कामाला लागले तेव्हा बाळूंना दरमहा ३ रुपये मिळत. पुढे ते युरोपियनांच्या पूना क्लबवर ४ रुपयांवर गेले. तेथे कॅप्टन ग्रेग यांना ते जाळ्यात तासन् तास गोलंदाजी करीत. ग्रेगना बाद केले की दर वेळी आठ आणे बक्षीस मिळे, अशी आख्यायिका आहे. फलंदाजी मात्र त्यांना कोणी दिली नाही. बॅट साहेबाची आणि चेंडू नोकराचा, ही त्या काळची रीतच होती.

पुण्यातील हिंदू क्लबाने त्यांना संघात घेतले, कारण युरोपियनांना हरवायचे होते. मैदानावर सवर्ण खेळाडू त्यांच्याच हातचा चेंडू झेलत. चहाच्या वेळी मात्र बाळूंना बाहेर मातीच्या भांड्यात चहा आणि जेवणाला वेगळे पान. न्यायमूर्ती रानडे यांनी जाहीर समारंभात त्यांचा सत्कार केला, ही त्या काळातील लहान गोष्ट नव्हे.

मुंबई व हिंदू जिमखाना

१८९६ च्या प्लेगच्या सुमारास बाळू मुंबईस आले. परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्यात त्यांच्या प्रवेशास काही सभासदांचा विरोध होता. तो कप्तान कीर्तिकरांच्या आग्रहाने मागे पडला. पुढे बी. बी. अँड सी. आय. रेल्वेत त्यांना नोकरी मिळाली.

फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबई जिमखान्याच्या मैदानावर हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवले. हिंदूंचे डाव २४२ व १६०, युरोपियनांचे १९१ व १०२. या विजयात बाळूंच्या गोलंदाजीचा वाटा मोठा होता. जिमखान्यातील पंक्तिभेदही याच काळात सैल झाला. १९०७ मध्ये पारशी संघ सामील होऊन सामने तिरंगी झाले आणि १९१२ पासून मुस्लिम संघामुळे चौरंगी.

१९११ मध्ये पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंह यांच्या नेतृत्वाखाली अखिल हिंदुस्थानी संघ इंग्लंडला गेला. २३ सामन्यांपैकी संघाने ६ जिंकले व १५ गमावले. अशा दौऱ्यात बाळूंनी सर्व सामन्यांत मिळून ११४ बळी घेतले. वय तेव्हा पस्तीस, आणि खांदाही कुरकुरत होता. शिवरामही त्या संघात होते.

कप्तानपद

संघातील सर्वांत अनुभवी खेळाडू असूनही बाळूंना हिंदू संघाचे कप्तानपद मिळाले नाही. १९२० मध्ये त्यांना संघातूनच वगळण्यात आले. नियोजित कप्तान पै आजारी पडल्यावर कप्तानपद दि. ब. देवधरांकडे गेले. पात्र असूनही केवळ जातीमुळे आपणांस डावलले, असे मानून विठ्ठल व शिवराम या बंधूंनी संघातून अंग काढून घेतले. वाद चिघळल्यावर पारशांविरुद्धच्या अंतिम सामन्यास पै परतले, बंधूही परतले आणि बाळूंना उपकप्तान करण्यात आले. १९२३ मध्ये विठ्ठल हिंदूंचे कप्तान झाले आणि त्या वर्षीची चौरंगी स्पर्धा हिंदूंनी जिंकली. थोरल्या भावाला नाकारलेले पद धाकट्याला मिळाले. त्याची भरपाई मात्र झाली नाही, असे म्हणावे लागेल.

सार्वजनिक जीवन

अस्पृश्यतेच्या प्रश्नावर बाळूंचा कल गांधीजींच्या मार्गाकडे होता. १९३२ च्या पुणे कराराच्या वाटाघाटींत त्यांनी भाग घेतला. १९३७ च्या विधिमंडळ निवडणुकीत काँग्रेसने त्यांना भायखळा-परळ भागातून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांविरुद्ध उभे केले. आंबेडकरांना १३,२४५ व बाळूंना ११,२२५ मते मिळाली. तरुणपणी बाळूंच्या खेळाचे आंबेडकरांना कौतुक होते, हे लक्षात घेतले तर ही लढत दोघांसाठीही सोपी नसावी.

विठ्ठल पालवणकर यांनी 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मचरित्र लिहिले. बाळूंचे मुंबईत निधन झाले.