जे. पी. नाईकांचे उरलेले काम

चाकणच्या शाखेत माझी बदली झाली, तेव्हा तिथल्या शेतांभोवती कारखान्यांची कुंपणे पडू लागली होती. एके दिवशी जमिनीच्या मोबदल्याचा धनादेश घेऊन एक शेतकरी आले. पैशांपेक्षा दुसरीच चिंता त्यांना खात होती. दहावी झालेल्या मुलाला कारखान्यात घेतील का? मुलाने शाळेत कधी कानस हाती धरली नव्हती आणि इंग्रजी अर्ज त्याला वाचता येत नव्हता. त्या रात्री मला जे. पी. नाईक आठवले.

आजरा तालुक्यातील बहिरेवाडीत १९०७ साली जन्मलेल्या या माणसाचे मूळ नाव विठ्ठल हरी घोटगे. स्वातंत्र्यलढ्यात त्यांनी तुरुंगवास भोगला. सुटल्यावर धारवाडकडच्या उप्पिन बेटगेरी या खेड्यात राहून ते ग्रामसुधारणेला लागले. शाळा कशी चालते आणि का बंद पडते, हे ते तिथे शिकले. पुढे गारगोटीचे मौनी विद्यापीठ उभे करण्यात त्यांचा मोठा वाटा होता. १९४८ साली त्यांनी मुंबईत इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशन काढली, ती १९७६ मध्ये पुण्याला आणली.

१९६४ साली डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमला गेला. नाईक त्याचे सदस्य-सचिव होते. जपान, रशिया, अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स येथील तज्ज्ञही आयोगावर होते. १९६६ च्या अहवालाने शिक्षणाची सांगड देशाच्या उत्पादनाशी घातली. प्रत्येक मुलाला हातकामाचा अनुभव मिळावा, माध्यमिक टप्प्यावर व्यवसायशिक्षण वाढावे, गरीब-श्रीमंतांची मुले परिसरातल्या एकाच शाळेत शिकावीत आणि राष्ट्रीय उत्पन्नाचे सहा टक्के शिक्षणावर खर्च व्हावेत, अशी ती मांडणी होती.

यातले आपण काय उचलले? दहा अधिक दोन अधिक तीन. महाराष्ट्रात १९७५ साली दहावीची पहिली शालान्त परीक्षा झाली. माझी पिढी त्याच साच्यातून बाहेर पडली. साचा बदलणे सोपे होते. एका बाकावर मालकाचा आणि कामगाराचा मुलगा बसवणे अवघड होते, ते राहून गेले. सहा टक्क्यांचे उद्दिष्ट २०२० च्या धोरणातही पुन्हा लिहावे लागले.

संख्या, गुणवत्ता आणि समता यांचा मेळ बसत नाही, हे नाईकांनी स्वतःच ओळखले होते. आपल्याच आयोगाच्या यशापयशाची झडती त्यांनी पुस्तक लिहून घेतली. सरकारी अहवालाच्या कर्त्याने एवढा प्रामाणिकपणा दाखवणे विरळाच. १९८१ साली ते गेले.

मी तरी कुठे वेगळा वागलो? माझी मुलगी गल्लीतल्या नगरपालिकेच्या शाळेत गेली नाही. बसने दूरच्या इंग्रजी शाळेत गेली. माझ्यासारख्या हजारोंनी तेच केले आणि परिसरशाळेला वाली उरला नाही. आज चाकणहून मोटारी परदेशी जातात. त्या घडवणाऱ्या पट्ट्यात कोणाचा मुलगा कुठवर पोहोचेल, हे मात्र बरेचदा तो कोणत्या शाळेच्या फाटकातून आत गेला यावरच ठरते. नाईकांना बदलायचे होते ते नेमके हेच.