इंद्रायणीच्या शेवटच्या घाटावर : श्रीशंभुछत्रपती

फाल्गुन वद्य द्वितीयेला देहूला तुकोबारायांची बीज असते. नांदुरकीच्या झाडाखाली वारकऱ्यांची दाटी होते, भर दुपारी नामाचा गजर टिपेला पोचतो, आणि मग मंडळी इंद्रायणीला नमस्कार करून आपापल्या गावची वाट धरतात. हे आपण सारे दरवर्षी करतो. पण त्याच पंधरवड्यात, बीजेनंतर तेरा दिवसांनी, त्याच इंद्रायणीच्या काठी आणखी एक पुण्यतिथी येते, तिची आठवण आपल्यापैकी किती जणांना असते? ती तिथी फाल्गुन वद्य अमावास्येची, आणि तो घाट तुळापूरचा.

देहू आणि आळंदी करून इंद्रायणी पुढे कोठे जाते, हे विचारले तर पुष्कळ वारकरी गप्प बसतील. आळंदीहून पायी निघाले तर अर्ध्या दिवसात आपण तुळापूरला पोचतो. तेथे इंद्रायणी भीमेला मिळते. संगमावर संगमेश्वराचे जुने देऊळ आहे. तीच भीमा पुढे पंढरीला चंद्रभागा होते. म्हणजे माउलींच्या आणि तुकोबांच्या पायांजवळून निघालेले पाणी पांडुरंगाच्या पायांशी जाते ते तुळापूरवरूनच. या संगमावर ११ मार्च १६८९ रोजी छत्रपती संभाजी महाराजांचा देह पडला. त्या वेळी त्यांना बत्तिसावे वर्ष चालू होते.

सज्जनहो, या राजाचे चरित्र थोडक्यात सांगावयाचे आहे. भाबडेपणाने सांगावयाचे नाही, आणि ऐकीव निंदेवर विसंबूनही सांगावयाचे नाही.

१४ मे १६५७ रोजी पुरंदर किल्ल्यावर शंभूराजांचा जन्म झाला. तुकोबा वैकुंठाला गेले त्याला तेव्हा सात वर्षे झाली होती. आईचे सुख त्यांच्या नशिबी फार थोडे. सईबाई १६५९ मध्ये राजगडावर वारल्या, तेव्हा बाळ अवघे सव्वादोन वर्षांचे. कापूरहोळच्या धाराऊने त्यांना दूध पाजले आणि जिजाऊसाहेबांनी वाढवले. राजे तीन वर्षांचे असताना, १६६० साली, चाकणच्या भुईकोटात फिरंगोजी नरसाळ्यांनी शाएस्तेखानाची अफाट फौज पन्नासाहून अधिक दिवस थोपवून धरली होती. हे फिरंगोजींचे नाव लक्षात ठेवा, पुढे ते पुन्हा येणार आहे.

पोराचे खेळायचे वय, पण खेळ कुठला? १६६५ मध्ये पुरंदरचा तह झाला आणि आठ वर्षांच्या शंभूराजांना मिर्झाराजांच्या छावणीत ओलीस राहावे लागले. दुसऱ्या वर्षी वडिलांबरोबर आग्र्याला जावे लागले. तिथून शिवाजीमहाराज निसटले तेव्हा नऊ वर्षांच्या मुलाला मथुरेत विश्वासू माणसांच्या घरी ठेवून पुढे यावे लागले. लेकरू मागाहून सुखरूप राजगडाला पोचले. घरातली पोर आजोळी दोन दिवस राहिली तरी आपला जीव खालीवर होतो. मग या मायबापांनी आणि या पोराने काय सोसले असेल ते मनात आणून पाहावे.

विद्येतही ते मागे नव्हते. संस्कृत त्यांना चांगले येत होते. बुधभूषण नावाचा संस्कृत ग्रंथ त्यांच्या नावावर आहे आणि व्रजभाषेतील रचनाही त्यांच्या नावाने सांगितल्या जातात. १६८० सालचे त्यांचे एक संस्कृत दानपत्र आजही उपलब्ध आहे.

आता जी गोष्ट सांगताना अनेकांची जीभ अडखळते ती सांगतो. १६७८ च्या डिसेंबरात शंभूराजे घर सोडून मोगलांच्या दिलेरखानाला जाऊन मिळाले. घरात कलह होता, कारभाऱ्यांशी पटत नव्हते, हे खरे. पण कारण काहीही असो, ही चूक मोठी होती. पुढच्या वर्षी दिलेरखानाने भूपाळगड घेतला. त्या गडाचे किल्लेदार कोण, तर चाकणचेच फिरंगोजी नरसाळे! गड पडल्यावर खानाने आतल्या लोकांचे जे हाल केले, ते राजांनी डोळ्यांनी पाहिले. आपण कोणाच्या बाजूला उभे आहोत हे त्यांना तिथे उमगले असले पाहिजे. १६७९ संपता संपता ते खानाच्या छावणीतून निसटून पन्हाळ्यावर आले. थोड्याच दिवसांत वडिलांची भेट झाली. महाराजांनी लेकाला टाकून दिले नाही. चुकून आडवाटेला गेलेला परत फिरला, तर त्याला पोटाशी धरावे, हे आपल्या संतांनी शिकवलेलेच आहे.

३ एप्रिल १६८० रोजी शिवाजीमहाराज गेले. काही कारभाऱ्यांनी घाईने धाकट्या राजारामांना मंचकावर बसवले. सैन्य मात्र शंभूराजांच्या बाजूने उभे राहिले. सरसेनापती हंबीरराव मोहिते हे राजारामांचे सख्खे मामा, पण त्यांनीही नाते बाजूला ठेवून थोरल्याचा हक्क मानला. १६ जानेवारी १६८१ रोजी रायगडावर शंभूराजांना राज्याभिषेक झाला. पहिल्यांदा त्यांनी कारभाऱ्यांना क्षमा केली. पुन्हा कट उघडकीस आला, तेव्हा अण्णाजी दत्तो, बाळाजी आवजी चिटणीस आणि इतरांना देहान्त शिक्षा दिली. त्या शिक्षांत कठोरपणा होता, हे नाकारून चालणार नाही. पण बाळाजींचा मुलगा खंडो बल्लाळ याला राजांनी पदरी ठेवले आणि त्या मुलाने बापाच्या मरणाचा डूख न धरता सेवा केली. गोव्याच्या मोहिमेत राजांचा घोडा पाण्यात ओढला गेला, तेव्हा खंडो बल्लाळांनीच त्यांना वाचवले, असे परंपरा सांगते.

राज्य हाती येताच औरंगजेब बादशहा स्वतः दक्षिणेत उतरला. लाखांची फौज, अगणित खजिना आणि बरोबर शहजादे. या एकट्या तरुण राजाला एकाच वेळी बादशहा, जंजिऱ्याचा सिद्दी आणि गोव्याचे फिरंगी यांच्याशी झुंजावे लागले. १६८३ मध्ये तर गोव्याचे शहर हातातोंडाशी आले होते. नाशिकजवळचा रामसेज हा लहानसा किल्ला मोगलांना वर्षानुवर्षे दाद देत नव्हता. बादशहाने १६८६ मध्ये विजापूर आणि १६८७ मध्ये गोवळकोंडा बुडवले. त्या जुन्या, श्रीमंत पातशाह्या गेल्या. कालपरवा उभे राहिलेले मराठ्यांचे राज्य मात्र राहिले.

या धामधुमीतही देवाधर्माकडे राजांचे दुर्लक्ष झाले नाही. समर्थांच्या चाफळ-सज्जनगडाची व्यवस्था त्यांनी पूर्ववत चालू ठेवली. चिंचवडच्या मोरया गोसावींच्या देवस्थानाला उपद्रव होऊ नये म्हणून आपल्याच अधिकाऱ्यांना त्यांनी ताकीद दिली. आणि वारकऱ्यांनी विशेष ध्यानात घ्यावी अशी गोष्ट पुढेच आहे. तुकोबांचे धाकटे चिरंजीव नारायणबाबा यांनी देहूहून पालखीचा सोहळा सुरू केला, तो परंपरेप्रमाणे १६८५ साली, म्हणजे शंभूराजांच्याच कारकिर्दीत. त्याच वर्षी बादशहाचा तळ सोलापूरला येऊन पडला होता. पंढरपूर तिथून किती लांब? सगळा मुलूख फौजांनी तुडवलेला, वाटेवर कोण भेटेल याचा नेम नाही, अशा वेळी टाळ-मृदंग घेऊन माणसे पंढरीला निघाली. राजा गडावरून लढत होता आणि वारकरी वाटेवर चालत होते. दोघांनी आपापल्या परीने एकच गोष्ट सांगितली, की ही माती अजून आमची आहे.

१६८७ च्या अखेरीस वाईजवळ हंबीरराव पडले आणि राजांचा उजवा हात गेला. १ फेब्रुवारी १६८९ रोजी कोकणात संगमेश्वर येथे मुकर्रबखानाने अचानक छापा घालून शंभूराजांना आणि कवी कलशांना पकडले. त्यांना भीमेकाठी पेडगावच्या बहादूरगडावर बादशहापुढे नेले. अंगावर विदूषकाचा वेश चढवून उंटावरून धिंड काढली. खजिना कोठे आहे आणि बादशहाचे कोण कोण सरदार तुला सामील आहेत, असे विचारण्यात आले. राजांनी उत्तर दिले ते बादशहाची निर्भर्त्सना करूनच, हे फारसी तवारीखकारांनीही लिहून ठेवले आहे. धर्म सोडलास तर जीव वाचेल असे सांगण्यात आले आणि राजांनी ते झिडकारले, असे आपल्याकडची परंपरा सांगते. मग डोळे काढले, जीभ कापली आणि शेवटी तुळापूर-कोरेगावच्या तळावर दोघांना ठार केले. दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा होता.

देहाचे अवशेष जवळच्या वढू बुद्रुक गावात भीमेकाठी अग्नीला दिले गेले. ते कोणी दिले, याविषयी गावात शिवले घराण्याची एक परंपरा आहे आणि गोविंद गोपाळ महार यांची दुसरी आहे. यावरून पुढे माणसामाणसांत वितुष्ट यावे, याचे वारकऱ्याला दुःख होते. बादशहाच्या छावणीशेजारी त्या राजाच्या देहाला हात लावायला ज्यांची छाती झाली, ते सगळेच आपल्या नमस्काराचे धनी. वाळवंटात आपण एकमेकांच्या पाया पडतो, तेव्हा जात विचारतो का?

बादशहाला वाटले, राजा गेला, आता राज्य गेले. झाले उलटेच. राजारामांनी जिंजी गाठली, संताजी-धनाजींनी मोगल फौजेला झोप येऊ दिली नाही, आणि पुढली अठरा वर्षे रयत लढत राहिली. १७०७ मध्ये बादशहा नगरजवळ मरण पावला. दिल्ली त्याला पुन्हा दिसली नाही. येसूबाई आणि सात वर्षांचे शाहूराजे रायगड पडल्यावर कैदेत गेले होते. शाहूराजे १७०७ मध्ये सुटले आणि साताऱ्याला छत्रपती झाले. त्यांनीच पुढे देहूच्या संस्थानाला इनामे दिली. येसूबाईंची सुटका मात्र १७१९ मध्ये झाली. तीस वर्षे त्या माउलीने परमुलखात काढली!

इतके सोसलेल्या राजाच्या वाट्याला नंतर काय आले? बदनामी. मल्हार रामराव चिटणीसांची बखर राजांच्या मरणानंतर सुमारे सव्वाशे वर्षांनी लिहिली गेली. लिहिणारे त्याच बाळाजी आवजींच्या वंशातले, ज्यांना राजांनी शिक्षा दिली होती. खंडो बल्लाळांनी जे विसरून टाकले, ते चार पिढ्यांनी कागदावर उतरले. त्या बखरीवरून नाटके निघाली, आणि व्यसनी, बेछूट शंभूराजा गावोगावच्या रंगभूमीवर नाचला. ज्याने शेवटच्या घटकेला मान वाकवली नाही, त्याला आपल्याच माणसांनी पडद्यापुढे मान खाली घालायला लावली.

ही धूळ झाडली ती वा. सी. बेंद्रे यांनी. वारकऱ्यांना हे नाव नवे नाही. देहूची आणि तुकोबांच्या संतसांगातींची माहिती ज्यांनी कागदपत्रांतून शोधून काढली, तेच हे बेंद्रे. त्यांनी अनेक वर्षे खपून १९६० मध्ये शंभुछत्रपतींचे साधार चरित्र प्रसिद्ध केले आणि वढूच्या समाधीचाही ठाव लावला. १९७१ मध्ये डॉ. कमल गोखले यांचा शिवपुत्र संभाजी हा ग्रंथ आला. १९७९ मध्ये शिवाजी सावंतांच्या छावा कादंबरीने हा राजा घराघरांत नेला. तुकोबा आणि शंभूराजे, दोघांवरची धूळ एकाच माणसाच्या हातून निघावी, हा योगायोग विलक्षण खरा.

यातून वारकऱ्याने काय घ्यावे? परनिंदा करू नये, ऐकूही नये, हे आपण रोज म्हणतो. पण मेलेल्या माणसाची निंदा करायला आपल्याला काही वाटत नाही, कारण तो उत्तर द्यायला येत नाही. शंभूराजांच्या बाबतीत अडीचशे वर्षे हेच झाले. त्यांच्याही हातून चुका झाल्या. पण चुकून परत फिरणे आणि मग प्राण गेला तरी न फिरणे, या दोन्ही गोष्टी ज्याच्या आयुष्यात आहेत, त्याच्यापासून संसारी माणसाने पुष्कळ शिकावे.

दुसरी गोष्ट नदीची. आज देहू-आळंदीच्या आसपास पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण अशी कारखानदारी पसरली आहे. लाखो लोकांचे पोट तिच्यावर चालते, आपलीही मुले तिथे पाळीवर जातात. मुक्कामाला आकुर्डीत तुकोबांची पालखी आली की हाच कामगार रांगेत उभा राहतो. पण वसाहतींचा मैला आणि कारखान्यांचे सांडपाणी इंद्रायणीत उतरते, आणि आळंदीच्या घाटावर पाण्याला फेस येतो. तीर्थ म्हणून तोंडात घ्यावे की नाही, असा प्रश्न म्हाताऱ्या माणसाला पडावा, ही काय अवस्था! हेच पाणी तुळापूरला शंभूराजांच्या स्मृतीपाशी जाते आणि मग पंढरीला. नदीत घाण टाकणारा हात आपला नसावा, आणि दुसऱ्याचा दिसला तर त्याला नम्रपणे पण ठामपणे अडवावे.

यंदा बीजेला देहूला आलात, तर एक दिवस हाती राखा. आळंदी करून तुळापूरला जा, संगमावर उभे राहा, मग वढूला समाधीपाशी माथा टेका. हार-नारळ नसला तरी चालेल. दोन घटका नामस्मरण करा आणि भीमेचे पाणी कोणत्या दिशेला वाहते ते बघा. ते पंढरीकडेच वाहत असते.

रामकृष्णहरि.