नाव टायरवर, कर्ज माथ्यावर

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये जर्मनीत स्टुटगार्टला भाच्याकडे महिनाभर मुक्काम होता. ईस्टर होऊन गेला होता आणि त्याला मोटारीचे टायर बदलायचे होते. टायर झिजले म्हणून नव्हे, तर ऋतू बदलला म्हणून! आपण स्वेटर ट्रंकेत टाकतो तसे तिकडचे लोक टायर काढून ठेवतात. ऑक्टोबर ते ईस्टर हिवाळी टायर आणि ईस्टर ते ऑक्टोबर उन्हाळी, असा तिथला ढोबळ हिशेब. उभा जन्म एसटीत आणि स्कूटरवर काढलेल्या मला याची मोठी गंमत वाटली.

भाच्याला वेगाची हौस आहे. तिथल्या महामार्गांच्या काही भागांत वेगमर्यादाच नाही, त्यामुळे ही हौस भागवताही येते. साधे उन्हाळी टायर त्याला नको होते. ताशी तीनशे किलोमीटरचा वेग सोसणारे, ‘वाय’ अक्षराचे हवे होते. रात्री जेवणाच्या टेबलावर त्याने पाच कंपन्यांच्या टायरांचा तक्ता मांडला आणि मलाही बसवून घेतले. एकाची ओल्या रस्त्यावरची पकड उत्तम, पण तो लवकर झिजतो. दुसरा पुष्कळ टिकतो, पण पावसात ब्रेक दाबला की गाडी काही मीटर पुढे जाऊनच थांबते. तिसरा इंधन वाचवतो, पण वळणावर सैल वाटतो. मऊ रबर रस्ता धरते आणि झिजते. कडक रबर टिकते आणि घसरते. त्यात हवामानाची भर. पारा सात अंशांच्या खाली गेला की उन्हाळी टायर ताठरतो, आणि हिवाळी टायर उन्हात लिबलिबीत होतो. सगळा तक्ता फिरून एकाच प्रश्नापाशी येत होता : ऊन-थंडीत हे रबर वागते कसे?

तक्त्यातले एक नाव होते गुडइयर. हा गुडइयर कोण, असे मी भाच्याला विचारले. कंपनीचा मूळ मालक असणार, असे तो म्हणाला. त्याला हसायचा अधिकार मला नव्हता. मी तीस वर्षे शाळेत रसायनशास्त्र शिकवले. रबर आणि गंधक एकत्र तापवले की व्हल्कनायझेशन होते, शोध चार्ल्स गुडइयरचा, सन १८३९ एवढे फळ्यावर लिहून मी दरवर्षी पुढच्या धड्याकडे वळत असे. त्या माणसाचे चरित्र मी वाचले निवृत्तीनंतर.

चार्ल्स गुडइयरचा जन्म २९ डिसेंबर १८०० रोजी अमेरिकेतल्या न्यू हेवन गावी झाला. वडिलांचा लोखंडी सामानाचा व्यवसाय होता; चार्ल्सने तोच फिलाडेल्फियात वाढवला आणि १८३०च्या सुमारास तो बुडाला. देणी राहिली. त्या काळी कर्ज फेडता आले नाही की तुरुंगात जावे लागे. ही वारी त्याच्या नशिबी आयुष्यभर राहिली.

१८३४ मध्ये न्यूयॉर्कमधल्या एका रबराच्या दुकानात त्याने पाण्यात तरंगण्यासाठी वापरायचा हवेचा पट्टा पाहिला. त्याची झडप सुधारून तो नमुना घेऊन पुन्हा दुकानात गेला. दुकानदाराने त्याला खरे दुखणे सांगितले. झडप कितीही चांगली केली तरी उपयोग नव्हता, कारण रबरच नासत होते. ब्राझीलमधून येणाऱ्या या चिकाने अमेरिकेला वेड लावले होते. जलरोधक कोट, बूट, टोप्या असे कारखान्यांमागून कारखाने निघाले. पण पहिल्या कडक उन्हाळ्यात माल वितळून दुर्गंधी सुटली आणि हिवाळ्यात उरलेला दगडासारखा होऊन तडकला. गिऱ्हाइके माल परत आणून टाकू लागली. धंदा बसणार, हे दिसत होते.

गुडइयर रसायनशास्त्र शिकलेला नव्हता. पण ऋतूंना न जुमानणारे रबर आपल्या हातून घडावे अशी ईश्वराचीच इच्छा आहे, असे त्याने मनाशी धरले. कर्जापायी तुरुंगात असतानाही बायकोकडून कच्चे रबर आणि लाटणे मागवून तो गोळे मळत बसला, असे सांगतात. रबरात मॅग्नेशिया घालून बूट केले, ते उन्हाळ्यात पाघळले. नायट्रिक आम्लाने वरचा चिकटपणा गेला. सरकारने टपालाच्या दीडशे पिशव्यांची मागणी दिली. पिशव्या उबदार खोलीत टांगून तो काही दिवस बाहेरगावी गेला, परत येतो तो त्या ओघळलेल्या! आम्लाने फक्त कातडी सुधारली होती, आतले रबर होते तसेच होते.

पुढे नॅथॅनिएल हेवर्ड नावाच्या कारागिराकडून त्याला गंधकाची युक्ती मिळाली आणि तिचे हक्कही त्याने घेतले. १८३९ मध्ये वुबर्न गावी गंधक मिसळलेल्या रबराचा तुकडा तापलेल्या शेगडीला लागला. तो वितळायला हवा होता, पण चामड्यासारखा करपला, आणि करपलेल्या भागाच्या कडेला जी पट्टी राहिली ती लवचिक होती. ती त्याने रात्रभर बाहेरच्या थंडीत ठेवली. सकाळीही ती मऊच. ज्या उष्णतेने रबर नासते, तीच बेताने दिली तर रबर टिकते!

मुलांना मी हे समजावताना शिजलेल्या शेवयांचे उदाहरण द्यायचो. रबराचे लांबलांब रेणू शेवयांसारखे एकमेकांवरून घसरतात. गंधक उष्णतेत त्यांच्यामध्ये जागोजागी गाठी मारतो आणि शेवयांचे जाळे होते. गाठी थोड्या तर रबर मऊ, जास्त तर कडक. आजचा महागडा टायरही साच्यात गंधकासह तापवूनच पक्का करतात.

शेगडीने वाट दाखवली, पण उष्णता किती आणि किती वेळ, हे शोधण्यात पुढची पाच वर्षे गेली. ती वर्षे मी चरित्रात थांबत थांबत वाचली. गुडइयर शेजाऱ्यांच्या भट्ट्यांत आणि बायकोच्या चुलीत नमुने भाजत होता. घरातल्या वस्तू गहाण पडत होत्या. त्याने मुलांची शाळेची पुस्तकेसुद्धा विकली. एकदा घरात लहान मूल गेले तर अंत्यविधीपुरते पैसे नव्हते. शिक्षक म्हणून सांगतो, त्या पुस्तकांपाशी माझे मन अडले. क्लॅरिसाने, त्याच्या पत्नीने, हे कसे सोसले असेल? सिद्ध झालेल्या शोधाच्या उजेडात आपण या वेडाला ध्येयनिष्ठा म्हणतो. शेगडीचा तो प्रसंग घडला नसता, तर याच माणसाला आपण बेजबाबदार बाप म्हटले असते. चुलीपाशी बसलेल्या क्लॅरिसाला मात्र पुढे काय होणार हे ठाऊक नव्हते.

१५ जून १८४४ रोजी त्याला अमेरिकेत पेटंट मिळाले. इंग्लंडमध्ये मात्र थॉमस हॅनकॉकने त्याचे नमुने पाहून गंधकाचा माग काढला आणि काही आठवडे आधी अर्ज केला. अमेरिकेत नक्कल करणाऱ्यांशी खटले सुरू झाले. १८५२च्या गाजलेल्या खटल्यात डॅनिएल वेबस्टरसारख्या नामवंत वकिलाने बाजू मांडली आणि गुडइयर जिंकला. पैसा मात्र वकील आणि कारखानदारांच्या घरी गेला. स्वतः गुडइयरने १८५१चे लंडनचे आणि १८५५चे पॅरिसचे प्रदर्शन गाठून रबरी फर्निचर आणि दागिन्यांनी भरलेली दालने सजवली, तीही कर्ज काढून. १८५३ मध्ये क्लॅरिसा इंग्लंडमध्ये वारली. पॅरिसमध्ये देणेकऱ्यांनी त्याला तुरुंगात घातले आणि लिजन ऑफ ऑनरचा क्रॉस, फ्रान्सचा मोठा सन्मान, त्याला तुरुंगात मिळाला!

अखेरीस तो कुबड्यांवर चालत होता. १८६०च्या उन्हाळ्यात मुलगी अत्यवस्थ असल्याचे कळून तो न्यू हेवनला निघाला. न्यूयॉर्कला पोहोचतो तो ती गेल्याची बातमी आली. तिथेच तो कोसळला आणि १ जुलै रोजी वारला. मागे सुमारे दोन लाख डॉलरचे कर्ज होते.

हवा भरलेला मोटारीचा टायर त्याने पाहिलाच नाही. डनलॉपने आपला टायर केला १८८८ मध्ये. आणि गुडइयर कंपनी? ती १८९८ मध्ये अॅक्रन शहरात फ्रँक सायबरलिंगने काढली. चार्ल्सशी वा त्याच्या घराण्याशी तिचा काही संबंध नव्हता. त्याच्या आठवणीसाठी फक्त नाव घेतले. तेच नाव पुढे आपल्या वाळूजच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यावरही लागले.

हे सगळे मी भाच्याला सांगितले. थोडा वेळ तो गप्प बसला, मग तक्त्याकडे वळला. शेवटी वेगाचा आणि टिकाऊपणाचा रकाना बाजूला ठेवून त्याने ओल्या रस्त्यावर लवकर थांबणारे टायर निवडले. मागच्या सीटवर त्याची चार वर्षांची मुलगी बसते, हे कारण त्याने दिले. कंपनी कोणती होती हे महत्त्वाचे नाही.

दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये नवे टायर चढत असताना मी त्यातल्या एकावर हात ठेवला. ऊन चांगलेच होते. रबर गरम लागत होते, पण हाताला काही चिकटले नाही.