शिष्यांचे ‘फ्रँकबाबा’

परमप्रसादाच्या वेळी जगभरच्या चर्चमध्ये ‘पानिस अँजेलिकस’ हे गीत गायले जाते. शब्द संत थॉमस अक्वायनस ह्यांचे, तर सर्वपरिचित चाल सेझार फ्रँक ह्यांची, १८७२ सालची. चाल आपण ओळखतो, आज तिच्या कर्त्याची ओळख करून घेऊ या.

फ्रँक ह्यांचा जन्म १० डिसेंबर १८२२ रोजी लिएज शहरात झाला. हे शहर आज बेल्जियममध्ये आहे. मुलाने पियानोवादक होऊन नाव व पैसा मिळवावा ही वडिलांची जिद्द. त्यासाठी १८३५ साली कुटुंब पॅरिसला आले. १८४१ च्या ऑर्गन परीक्षेत दोन सुरावटींवर आयत्या वेळी दोन रचना वाजवायच्या होत्या. फ्रँकनी दोन्ही सुरावटी एकाच रचनेत गुंफल्या. परीक्षक गोंधळले, बक्षीस मिळाले ते दुसरे!

पुढे वडिलांशी पटेना. १८४८ साली, ऐन क्रांतीच्या धामधुमीत त्यांनी लग्न केले आणि पियानोच्या शिकवण्यांवर संसार चालवला. पहाटेचे दोन तास मात्र स्वतःच्या रचनांसाठी राखलेले. १८५८ पासून मृत्यूपर्यंत त्यांनी पॅरिसच्या सेंट क्लोटिल्ड चर्चची संगीतसेवा केली. तेथे त्यांचे उत्स्फूर्त वादन ऐकून १८६६ साली थोर पियानोवादक लिस्टही भारावून गेले.

१८७२ साली ते पॅरिसच्या सरकारी संगीतविद्यालयात ऑर्गनचे प्राध्यापक झाले. तेथील परीक्षेत पाठ केलेली रचना एकच. बाकी सारे आयत्या वेळी सुचवून वाजवायचे. त्यामुळे वर्गाचा बहुतेक वेळ त्यातच जाई. फ्रँक एखादी सुरावट देत आणि विद्यार्थी ती फुलवू लागे. तो अडला, तर कधी स्वतः बाकावर बसून वाट दाखवत. असे करता करता मुले रचनाही शिकली. रचनेच्या काही प्राध्यापकांना हे खुपले. ते पद फ्रँकना कधीच मिळाले नाही, पण व्हिन्सेंट दँदी, गॅब्रिएल पिएर्ने असे नामवंत शिष्य त्यांनी घडवले. शिष्य त्यांना प्रेमाने ‘फ्रँकबाबा’ म्हणत. ८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांचे निधन झाले आणि सेंट क्लोटिल्डच्या ऑर्गनवर पिएर्ने बसले.

आपणही मुलांना कीबोर्डच्या क्लासला घालतो. पुस्तकातले धडे सोडून मूल मनचे काही वाजवू लागले, तर त्याला लगेच गप्प करू नये. थोडे ऐकावे. देवाने दिलेले दान कदाचित तेथेच बोलत असेल.