ओटो ग्रॅहम

ओटो एव्हरेट ग्रॅहम, ज्युनियर (६ डिसेंबर, १९२१ : वॉकीगन, इलिनॉय, अमेरिका – १७ डिसेंबर, २००३ : सारासोटा, फ्लोरिडा, अमेरिका) हे अमेरिकन फुटबॉलमधील क्वार्टरबॅक व प्रशिक्षक होते. १९४६ ते १९५५ या दहा हंगामांत ते क्लीव्हलँड ब्राउन्स या संघाकडून खेळले. या दहाही हंगामांत त्यांचा संघ विजेतेपदाच्या अंतिम सामन्यात पोहोचला आणि सात वेळा विजेता ठरला. वेगवेगळ्या काळांतील क्वार्टरबॅकांची तुलना करताना ग्रॅहम यांचे नाव हमखास पुढे येते. विजेतेपदे मोजली तर ते अग्रस्थानी येतात. पासांचे एकूण आकडे पाहिले तर बरेच मागे पडतात.

अमेरिकन फुटबॉलमध्ये ११ खेळाडूंच्या आक्रमक फळीचे नेतृत्व क्वार्टरबॅककडे असते. खेळी सुरू होताच चेंडू त्याच्या हाती येतो. तो जवळच्या सहकाऱ्याला द्यायचा, पुढे धावणाऱ्या सहकाऱ्याकडे फेकायचा की स्वतः घेऊन धावायचे, हे त्याला काही क्षणांत ठरवावे लागते.

प्रारंभिक जीवन

ग्रॅहम यांचे आई-वडील दोघेही संगीतशिक्षक होते. लहानपणी ते पियानो, व्हायोलिन, कॉर्नेट आणि फ्रेंच हॉर्न ही वाद्ये शिकले. बास्केटबॉलच्या शिष्यवृत्तीवर त्यांनी नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात प्रवेश घेतला. विद्यापीठांतर्गत सामन्यात त्यांची फेक पाहून फुटबॉल प्रशिक्षक लिन वॉल्डॉर्फ यांनी त्यांना संघात बोलावले. १९४१ मध्ये नॉर्थवेस्टर्नने ओहायो स्टेट विद्यापीठाचा १४-७ असा पराभव केला. त्या हंगामातील ओहायो स्टेटचा हा एकमेव पराभव होता. ओहायो स्टेटचे तेव्हाचे प्रशिक्षक पॉल ब्राउन यांनी ग्रॅहम यांचा खेळ लक्षात ठेवला. १९४३ मध्ये महाविद्यालयीन खेळाडूंसाठीच्या हाइझमन पुरस्काराच्या मतदानात ग्रॅहम तिसऱ्या क्रमांकावर राहिले.

१९४४ मध्ये डेट्रॉइट लायन्सने त्यांची निवड केली, परंतु दुसऱ्या महायुद्धातील सैनिकी सेवेमुळे ते या संघाकडून कधीच खेळले नाहीत. प्रशिक्षण काळात चॅपेल हिल येथे ते ‘टी’ रचनेचा खेळ शिकले. दरम्यान ऑल-अमेरिका फुटबॉल कॉन्फरन्स (एएएफसी) ही नवी स्पर्धा आकार घेत होती. तिच्यातील क्लीव्हलँड संघासाठी पॉल ब्राउन यांनी ग्रॅहम यांना करारबद्ध केले. १९४५-४६ मध्ये ग्रॅहम रोचेस्टर रॉयल्स या व्यावसायिक बास्केटबॉल संघातही होते. त्या संघाने नॅशनल बास्केटबॉल लीगचे विजेतेपद मिळवले.

क्लीव्हलँड ब्राउन्स

एएएफसी १९४६ ते १९४९ अशी चार वर्षे चालली आणि चारही वर्षे ब्राउन्स विजेते ठरले. १९४८ मध्ये त्यांनी एकही सामना गमावला नाही. मात्र प्रतिस्पर्धी दुबळे असल्यामुळे हे यश मिळाले, असे जुन्या नॅशनल फुटबॉल लीगच्या (एनएफएल) अनेक समर्थकांचे मत होते.

१९५० मध्ये ब्राउन्स एनएफएलमध्ये दाखल झाले. १६ सप्टेंबर, १९५० रोजी त्यांचा पहिलाच सामना मागील दोन वर्षांचे विजेते फिलाडेल्फिया ईगल्स यांच्याशी त्यांच्याच शहरात झाला. ग्रॅहम यांनी ३४६ यार्डांचे पास पूर्ण करत तीन टचडाउन मिळवून दिले आणि ब्राउन्स ३५-१० असे जिंकले. त्याच वर्षी २४ डिसेंबरला लॉस एंजेलस रॅम्सविरुद्ध अंतिम सामना झाला. ग्रॅहम यांनी चार टचडाउन पास दिले, पण अखेरच्या काही मिनिटांत संघ २७-२८ असा मागे असताना धावताना त्यांच्या हातून चेंडू निसटला. बचावफळीने चेंडू परत मिळवल्यावर त्यांनी संघाला पुन्हा गोलखांबांजवळ नेले. अवघे २८ सेकंद उरले असताना लू ग्रोझा यांनी फील्ड गोल मारला आणि ब्राउन्स ३०-२८ असे जिंकले.

पुढील तीन अंतिम सामने ब्राउन्सने गमावले. १९५३ च्या अंतिम सामन्यात ग्रॅहम यांचे १५ पैकी केवळ दोन पास पूर्ण झाले आणि डेट्रॉइटने एका गुणाने विजय मिळवला. त्याच हंगामात सॅन फ्रान्सिस्कोविरुद्धच्या सामन्यात त्यांच्या तोंडाला मार लागून १५ टाके पडले होते. तरीही पारदर्शक प्लास्टिकचा मुखरक्षक लावून ते उत्तरार्धात खेळले होते. १९५४ च्या अंतिम सामन्यात ब्राउन्सने डेट्रॉइटला ५६-१० असे हरवले. त्यात ग्रॅहम यांनी तीन टचडाउन पास दिले आणि तीन टचडाउन स्वतः धावून केले. यानंतर त्यांनी निवृत्ती घेतली, परंतु पॉल ब्राउन यांच्या आग्रहावरून ते १९५५ मध्ये परतले. रॅम्सवर ३८-१४ असा विजय मिळवून त्यांनी कारकिर्दीची अखेर केली. १९५६ च्या हंगामात ब्राउन्सने पाच सामने जिंकले आणि सात गमावले.

नंतरची कारकीर्द

ग्रॅहम यांनी १९५९ पासून अमेरिकन तटरक्षक दलाच्या अकादमीत प्रशिक्षक म्हणून काम केले. १९६६ ते १९६८ या काळात ते एनएफएलमधील वॉशिंग्टन संघाचे प्रशिक्षक होते. तेथे १७ विजय, २२ पराभव व तीन बरोबरी अशी त्यांची कामगिरी राहिली. त्यानंतर ते अकादमीत परतले आणि १९८४ पर्यंत क्रीडा संचालकपदी होते.

मूल्यमापन

ग्रॅहम यांच्या दहा हंगामांत बाद फेरीसह ब्राउन्सने ११४ सामने जिंकले, २० गमावले आणि चार बरोबरीत सुटले. सात विजेतेपदांची त्यांची बरोबरी टॉम ब्रेडी यांनी २०२० च्या हंगामात केली. मात्र ब्रेडी यांची कारकीर्द २३ हंगामांची होती आणि ते ३२ संघांच्या स्पर्धेत खेळले. १९५० च्या दशकात एनएफएलमध्ये १२-१३ संघ होते आणि एएएफसीत तर आठच. एएएफसी सुरू झाली तेव्हा बहुतेक व्यावसायिक संघांत कृष्णवर्णीय खेळाडूंना प्रवेशही नव्हता. मॅरियन मॉटली व बिल विलिस यांना संघात घेणारे ब्राउन्स त्याला अपवाद होते. त्यामुळे केवळ विजेतेपदांची संख्या मोजून निष्कर्ष काढणे अपुरे ठरते.

एकूण यार्डांची तुलनाही दिशाभूल करते. ग्रॅहम यांचे एकूण २३,५८४ यार्ड आणि ब्रेडी यांचे नियमित हंगामांतील ८९,२१४ यार्ड यांमागे हंगामांची लांबी आणि नियम यांचा मोठा वाटा आहे. एनएफएलचा हंगाम तेव्हा १२ सामन्यांचा होता. २०२१ पासून तो १७ सामन्यांचा आहे. १९७८ मध्ये नियम बदलून पास घेणाऱ्या खेळाडूला अडवण्यावर मर्यादा आणल्या गेल्या आणि पासचा खेळ सोपा झाला. एनएफएलमध्ये ग्रॅहम यांचे ८८ टचडाउन पास आणि प्रतिस्पर्ध्यांनी पकडलेले ९४ पास आहेत. आजच्या मापाने हे प्रमाण निकृष्ट वाटते, पण त्या काळातील नामवंत क्वार्टरबॅकांच्या बाबतीतही असे प्रमाण दुर्मीळ नव्हते.

म्हणून खेळाडूची तुलना प्रथम त्याच्या समकालीनांशी करण्याची पद्धत अधिक न्याय्य मानली जाते. १९५३ मध्ये ग्रॅहम यांचे सुमारे ६५ टक्के पास पूर्ण झाले, तर एनएफएलची सरासरी निम्म्याहूनही कमी होती. संपूर्ण कारकिर्दीत प्रत्येक पासप्रयत्नामागे त्यांनी सुमारे नऊ यार्ड मिळवले. जो मॉन्टाना, पेटन मॅनिंग व ब्रेडी यांचे हे प्रमाण साडेसात यार्डांच्या आसपास आहे.

ग्रॅहम यांच्या श्रेष्ठत्वाविरुद्ध दोन आक्षेप घेतले जातात. पहिला आक्षेप एएएफसीतील यशाविषयी आहे. तेथील त्यांचे १०,०८५ यार्ड व ८६ टचडाउन पास एनएफएलच्या अधिकृत विक्रमांत दीर्घकाळ धरले जात नसत. परंतु एनएफएलमधील सहाही हंगामांत ब्राउन्स अंतिम सामन्यात पोहोचले आणि तीनदा जिंकले. त्यामुळे आधीचे यश केवळ दुबळ्या प्रतिस्पर्ध्यांमुळे मिळाले, हा दावा टिकत नाही. दुसरा आक्षेप असा की, खेळी ग्रॅहम स्वतः निवडत नसत. पॉल ब्राउन खेळाडूंमार्फत निरोप पाठवून ती ठरवत. त्या काळी खेळी निवडणे हे क्वार्टरबॅकचे मुख्य कौशल्य समजले जाई आणि ग्रॅहम यांनाही ही पद्धत पसंत नव्हती. पुढे हीच पद्धत सार्वत्रिक झाली आणि आता प्रशिक्षकांच्या सूचना शिरस्त्राणातील रेडिओवरून क्वार्टरबॅकला मिळतात. त्यामुळे एका काळात उणीव मानली गेलेली ही गोष्ट नंतरच्या क्वार्टरबॅकांच्या मूल्यमापनात विचारातही घेतली जात नाही.

ग्रॅहम यांच्या यशात मॉटली, दांते लाव्हेली, मॅक स्पीडी व ग्रोझा यांच्यासारख्या सहकाऱ्यांचाही वाटा होता. तो वेगळा काढून मोजता येत नाही. ही अडचण प्रत्येक काळातील क्वार्टरबॅकच्या बाबतीत उरतेच.

सन्मान

१९६५ मध्ये ग्रॅहम यांचा प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला. ब्राउन्सने त्यांचा १४ हा क्रमांक निवृत्त केला. १९९४ मध्ये एनएफएलच्या ७५ वर्षांनिमित्त निवडलेल्या सर्वकालीन संघात सॅमी बॉ, जॉनी युनिटास व मॉन्टाना यांच्यासह चार क्वार्टरबॅकांत त्यांचा समावेश होता. २०१९ मध्ये जाहीर झालेल्या शतकमहोत्सवी संघातील दहा क्वार्टरबॅकांतही त्यांना स्थान मिळाले.