जॉर्ज लुकाच : पक्षनिष्ठा आणि वास्तववाद

साहित्याचे राजकीय कार्य म्हणजे पक्षाच्या भूमिकेचा पुरस्कार, असे समीकरण मार्क्सवादाच्या नावावर अनेकदा मांडले गेले. या समीकरणाला मार्क्सवादी विचारव्यूहाच्या आतूनच छेद देणाऱ्या समीक्षकांत जॉर्ज लुकाच (१८८५-१९७१) यांचे स्थान महत्त्वाचे आहे.

बुडापेस्टमधील एका धनाढ्य ज्यू बँकव्यावसायिकाच्या घरी जन्मलेले लुकाच १९१८च्या अखेरीस हंगेरीच्या साम्यवादी पक्षात दाखल झाले. १९१९च्या अल्पजीवी सोव्हिएत प्रजासत्ताकात त्यांनी शिक्षण व संस्कृतीची जबाबदारी सांभाळली. ते कोसळल्यावर त्यांना व्हिएन्नाचा आश्रय घ्यावा लागला. 'इतिहास आणि वर्गजाणीव' (१९२३) या ग्रंथावर पुढच्याच वर्षी कॉमिन्टर्नमध्ये कठोर टीका झाली. १९२८मध्ये 'ब्लूम' या टोपणनावाने त्यांनी सिद्ध केलेला राजकीय मसुदाही फेटाळला गेला. लुकाच यांनी जाहीर आत्मटीका केली आणि ते प्रत्यक्ष राजकारणातून बाजूला झाले.

यापुढे साहित्यसमीक्षा हेच त्यांचे प्रमुख कार्यक्षेत्र ठरले. स्टालिनकालीन मॉस्कोत, १९३६मध्ये लिहिलेल्या निबंधात त्यांनी दोन कादंबऱ्यांतील घोड्यांच्या शर्यतींची तुलना केली. झोलाच्या 'नाना'मधील शर्यत तपशिलाने समृद्ध असली तरी कथानकाशी सैलपणे जोडलेली आहे. टॉलस्टॉयच्या 'ॲना कारेनिना'त मात्र ती पात्रांच्या आयुष्याला कलाटणी देते. बाल्झाकविषयी एंगेल्सने नोंदविलेले निरीक्षणही त्यांनी विस्ताराने विकसित केले. राजसत्तेचा पक्षपाती असूनही बाल्झाकने सरंजामी वर्गाचा अटळ ऱ्हास चित्रित केला. लेखकाची घोषित मते आणि कलाकृतीने आकळलेले सामाजिक वास्तव यांत अंतर पडू शकते, हा याचा निष्कर्ष. प्रचारसाहित्याच्या मागणीला हा अप्रत्यक्ष नकारच होता. मात्र याच निकषाच्या आग्रहामुळे काफ्का आणि जॉइस यांना ते न्याय देऊ शकले नाहीत, हेही नमूद केले पाहिजे.

१९५६च्या उठावात लुकाच इम्रे नॉज यांच्या मंत्रिमंडळात संस्कृतिमंत्री झाले. सोव्हिएत सैन्याने उठाव चिरडल्यावर त्यांना रुमानियात स्थानबद्ध करण्यात आले. तेथे नॉज यांच्याविरुद्ध बोलण्यास त्यांनी नकार दिला. १९५७मध्ये ते मायदेशी परतले. पक्षाचे सदस्यत्व त्यांना पुन्हा १९६७मध्ये मिळाले.

लुकाच यांचे मूल्यमापन केवळ त्यांच्या आत्मटीकांवरून करणे म्हणूनच अपुरे ठरते. बाल्झाकला त्यांनी लावलेला निकष त्यांनाही लावला, तर त्यांची खरी राजकीय भूमिका त्यांच्या समीक्षेत शोधावी लागते.