दारू सुटल्यानंतरचा संसार

व्यसनमुक्ती केंद्रातून नवरा घरी आला की शेजारपाजारच्या म्हणतात, सुटलीस गं बाई एकदाची! पण ज्या बायकांबरोबर मी काम करते, त्यांची खरी धाकधूक तिथूनच सुरू होते. पगाराचा दिवस, गटारी, दिराचं लग्न, घरातलं एखादं भांडण. कशानं 'स्लिप' होईल, सांगता येत नाही. पुन्हा पिण्याला केंद्रात स्लिप म्हणतात आणि हा शब्द आता वस्तीतल्या बायकांच्याही तोंडी रुळलाय. अशा वेळी मी त्यांना एका अमेरिकन बाईची गोष्ट सांगते. तिचं नाव लोइस विल्सन. जगभर पसरलेल्या 'अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस' म्हणजे ए.ए. या संघटनेचा एक संस्थापक बिल विल्सन, त्याची ही बायको.

लोइसचा जन्म ४ मार्च १८९१चा, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातला. वडील डॉक्टर, घर खातंपितं, सहा भावंडांत ही थोरली. उन्हाळ्यात हे कुटुंब व्हरमाँट राज्यात राहायला जायचं. तिथं तिची बिलशी ओळख झाली. तो तिच्यापेक्षा जवळजवळ पाच वर्षांनी लहान. आईवडील वेगळे झालेले, आजोबा-आजीनं वाढवलेला. २४ जानेवारी १९१८ रोजी दोघांचं लग्न झालं. तेव्हा बिल सैन्यात होता आणि आदल्याच वर्षी त्यानं पहिला प्याला ओठाला लावला होता.

पुढं तो शेअर बाजारात शिरला, पैसा आला, तशी दारूही वाढत गेली. मूल व्हावं अशी लोइसची फार इच्छा होती, पण तिचा गर्भ पुनःपुन्हा गर्भाशयाबाहेर राहिला आणि मूल होण्याची आशा संपली. मग सगळी माया नवऱ्यावर. आपण त्याला सुधारू, ही तिची जिद्द.

तिनं काय काय केलं, ते ऐकताना आपल्याकडच्या बायका हसतात, कारण त्यांनीही तेच केलेलं असतं. मित्रांच्या संगतीपासून तोडलं तर पिणार नाही, असं वाटून १९२५ साली तिनं नोकरी सोडली. दोघं मोटारसायकल आणि साइडकार घेऊन, तंबू ठोकत वर्षभर हिंडले. वाटेत बिल कंपन्यांची माहितीही गोळा करायचा. पण गाव बदललं तरी तहान बरोबरच आली. मग शपथा झाल्या. आपल्याकडं देवापुढं किंवा लेकरांच्या डोक्यावर हात ठेवून घेतात, तशा बिलनं घरातल्या बायबलवर लिहून दिल्या. एकदा नाही, अनेकदा. लिहिताना तो खोटं लिहीत नव्हता, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. शपथ घेणाऱ्याचं मन खरं असतं. पण शरीर आणि सवय त्या मनाहून जबर असते.

१९२९ला शेअर बाजार कोसळला. कर्ज झालं, दोघं लोइसच्या माहेरच्या घरी राहायला आली. ती एका मोठ्या दुकानात नोकरी करून घर चालवू लागली आणि तो तिच्या पर्समधले पैसे काढू लागला. १९३३-३४ मध्ये न्यूयॉर्कच्या टाऊन्स हॉस्पिटलमध्ये त्याला चार वेळा दाखल केलं. तिथले डॉ. सिल्कवर्थ दारूला आजार मानत. हा माणूस असाच पीत राहिला तर वेडा होईल किंवा मरेल, असं त्यांनी लोइसला स्पष्ट सांगितलं. त्या भीतीनं बिल काही महिने कोरडा राहिला आणि नोव्हेंबर १९३४ मध्ये पुन्हा प्याला. म्हणजे गाव बदलणं पुरलं नाही, शपथ पुरली नाही, भीतीसुद्धा पुरली नाही.

त्याच सुमारास एबी थॅचर नावाचा जुना पिणारा मित्र त्याच्याकडं आला, पण न पिता. आपण कसे थांबलो हे त्यानं सांगितलं. डिसेंबरमध्ये बिल शेवटचा हॉस्पिटलात गेला आणि बाहेर आल्यावर कधीच प्याला नाही. एबी मात्र पुढं पुनःपुन्हा घसरला. ज्यानं दिवा दाखवला तोच अंधारात चाचपडला. बिलनं त्याला कधी हिणवलं नाही, शेवटपर्यंत गुरूच मानलं.

बरा झालेला बिल उत्साहानं रस्त्यावरच्या दारुड्यांना घरी आणू लागला. लोइस त्यांचं रांधायची, निस्तरायची. पाच-सहा महिन्यांत एकही जण सुधारला नाही. बिल हताश झाला, तेव्हा लोइसनंच त्याच्या लक्षात आणून दिलं, की बाकीचे राहू देत, तू स्वतः तर न पिता राहिलास ना!

या वाक्याची किंमत मे १९३५ मध्ये कळली. एका धंद्याच्या कामासाठी बिल ओहायो राज्यातल्या अॅक्रन गावी गेला होता. काम फसलं, खिशात जेमतेम पैसे. हॉटेलच्या लॉबीत तो एकटा उभा होता. एका बाजूला बार, आतून हसण्याचे आवाज. या बैठकांत चार गोष्टींपासून सावध राहायला शिकवतात: भूक, राग, एकटेपणा आणि थकवा. त्या दिवशी यातल्या बहुतेक साऱ्या त्याच्याजवळ जमल्या असणार. तो बारकडं वळला नाही, फोनकडं वळला. चर्चच्या यादीतून एका पाद्र्याचा नंबर काढला आणि बोलायला एखादा दारुडा हवा, अशी विचित्र मागणी केली. फोनमागून फोन करत हेन्रिएटा सायबरलिंग नावाच्या बाईंपर्यंत तो पोचला. त्यांनी दुसऱ्या दिवशी डॉ. बॉब स्मिथ या पिणाऱ्या सर्जनशी त्याची गाठ घालून दिली. डॉक्टर पंधरा मिनिटांच्या बोलीवर आले आणि सहा तास बसले. बिलनं त्यांना उपदेश केला नाही. स्वतःची कहाणी सांगितली, कारण ती सांगणं ही त्याची स्वतःची गरज होती.

तरी काही आठवड्यांत डॉक्टर एका वैद्यकीय परिषदेला गेले आणि तिथं घसरले. परतल्यावर कुणी दार लावून घेतलं नाही. १० जून १९३५ रोजी त्यांनी शेवटचा घोट घेतला. तोच ए.ए.चा स्थापना दिवस मानतात. एका स्लिपनंतर संपलं सगळं, असं म्हणणाऱ्या बायकांना मी ही तारीख आवर्जून सांगते.

आणि लोइस? नवरा बरा झाला, आता ती सुखी व्हायला हवी होती. पण रोज संध्याकाळी तो बैठकांना जाई. सतरा वर्षं जे तिला जमलं नाही, ते परक्यांनी करून दाखवलं, याचा सल आत होता. एके दिवशी बैठकीला चल, आवर लवकर, असं बिल सहज म्हणाला आणि तिनं हातातला बूट त्याच्यावर फेकून मारला! त्या बुटानं तिचेच डोळे उघडले. आजार एकट्या त्याला नव्हता, त्याच्यावर पहारा ठेवता ठेवता तीही आजारली होती. १९३९च्या ए.ए.च्या पुस्तकात बायकांसाठीचं प्रकरण आपण लिहावं असं तिला वाटत होतं, तेही बिलनंच लिहून टाकलं. ते तिला लागलं. त्याच वर्षी गहाण पडलेलं माहेरचं घर गेलं, दोन वर्षं दोघांनी मित्रांच्या घरी दिवस काढले.

१९५१ साली, वयाच्या साठीत, लोइसनं अॅन बी. या मैत्रिणीबरोबर व्यसनी माणसांच्या घरच्यांसाठी 'अल-अॅनॉन' सुरू केलं. मदत विचारणाऱ्या ८७ पत्त्यांवर पत्रं पाठवून कामाला आरंभ झाला. सूत्र साधं. त्याचं पिणं तुझ्यामुळं नाही, ते तुझ्या ताब्यातही नाही. तुझं जगणं मात्र तुझ्या हाती आहे. याचा अर्थ मार खात बसा, असा मुळीच नाही. मारहाण होत असेल तर आधी स्वतःला आणि मुलांना सुरक्षित करायचं, कायद्याची मदत घ्यायची.

बिल ३६ वर्षं प्याला नाही. सिगारेट मात्र तो वर्षानुवर्षं ओढत राहिला. फुप्फुसं निकामी होऊन २४ जानेवारी १९७१ रोजी, लग्नाच्या वाढदिवशीच, तो गेला. शेवटच्या आजारात त्यानं व्हिस्की मागितल्याचं त्याच्या नर्सच्या नोंदींत आहे. ती त्याला दिली गेली नाही. हे ऐकून काहींना वाईट वाटतं, मला उलट धीर येतो. तहान पूर्ण मरत नाही, तरी तिच्याबरोबर ३६ वर्षं न पिता काढता येतात. लोइस ५ ऑक्टोबर १९८८ला, सत्त्याण्णवाव्या वर्षी गेली. तोवर ती काम करत होती.

आज मुंबई-पुण्यात आणि आणखी कितीतरी गावांत ए.ए.च्या आणि अल-अॅनॉनच्या बैठका होतात. फी नसते, नाव विचारत नाहीत. तुमच्या घरात कुणी नुकतंच दारूतून बाहेर आलं असेल, तर त्याचा खिसा चाचपणं, तोंडाचा वास घेणं थोडं कमी करा. तो बैठकीला जातो ना, त्याला फोन करायला एखादा सोबती आहे ना, वेळेवर जेवतो-झोपतो ना, एवढं पाहा. तो घसरलाच तर त्याच दिवशी केंद्रात किंवा डॉक्टरांकडं न्या. खूप दिवस पिणाऱ्यानं घरच्या घरी एकदम दारू तोडली तर फिट येणं, भास होणं असे धोके असतात.

आणि आठवड्यातला एक तास स्वतःसाठी ठेवा. त्याच्या बैठकीसाठी डबा भरता ना, तसंच आपल्या बैठकीसाठी चपला घाला. फेकायला नव्हे, चालायला!